धुरासाठी शेवया

सिरसाळा
मंगळवार, १४ मे २०२४

ती. तुळजाअक्का यांस,

त्रिंबकचा नमस्कार. गेवराईला सगळे बरे असतील. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहितो. इकडे टँकर तीन दिवसांनी येतो, बाकी ठीक.

एका कामासाठी तुम्हाला बोलवायचं आहे, येत्या सोमवारच्या आत. तुम्ही आला नाहीत तर इथल्या बायकांच्या हातचं काम जाईल.

तुमच्या बहिणीने उभी केलेली शेवयांची सहकारी संस्था पाण्याअभावी बंदच पडली होती. मार्चमध्ये अंबाजोगाईच्या कॉलेजातून सुरैया मॅडम आल्या. त्यांनी वीज केंद्राच्या राखेपासून एक भुकटी केली आहे. तिचे दाणे धुरातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात. तापवले की सोडून देतात. निवले की तेच दाणे पुन्हा वापरायचे. दुसऱ्या पद्धतीत हा वायू धरायला रसायनाचं पाणी फार लागतं, ते आपण कुठून आणणार? ही भुकटी मळायची, शेवयांसारखी पाडायची, वाळवून बारीक तोडायची आणि भट्टीत भाजायची. मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो, म्हणून तपासायला मी आणि पाडायला बायका.

पहिला घाणा दिसायला सुरेख झाला. तपासला तर दाण्यांनी काहीच धरलं नाही. मॅडमनी विचारलं, "पिठात काय घातलं होतं?"

विमलबाई म्हणाल्या, "काईच न्हाई बाई. नुसतं साच्याला तेलाचं बोट फिरवलं. बिनतेलाचा साचा कुठं चालत असतो काय?"

भट्टीत ते तेल जळलं आणि दाण्यांची बारीक छिद्रं काजळीने बुजली. मी समजावून सांगितलं, तर चंद्रभागाबाई म्हणाल्या, "म्हंजी आपण धुराला फोडणी दिली की गं!"

मॅडम हसून हसून खालीच बसल्या. मीही हसलो. घरी आल्यावरसुद्धा एकदा हसू आलं.

आता तेल बंद आहे, तर शेवया साच्यातच तुटतात. पाणी वाढवलं तर वाळताना फुटतात. परवा संस्थेतली रुकसाना म्हणाली, "चाचा, चाची सांगायची ना, बहात्तरच्या दुष्काळात घरात तेलाचा थेंब न्हवता, तरी अक्का शेवया पाडायची. लई मळायची म्हणं." किती मळायचं, हाताला कसं लागलं म्हणजे झालं, हे तुम्हालाच माहीत. सोमवारी मॅडम नमुना वीज केंद्रावर नेणार आहेत. तेच दाणे पन्नास वेळा भरून रिकामे होऊनही टिकले, तर काम आपल्याकडे राहील.

रुकसाना म्हणाली, चाचा, फक्त कामाचं लिहा, त्या येतील. तसंच लिहून पाकीट बंद केलं होतं. ते पुन्हा उघडलं.

अक्का, गेल्या वर्षी मी सगळ्यांना सांगितलं की ही अचानक गेली. अचानक नव्हतं. डॉक्टरांनी मला आठवडाभर आधी बाजूला घेऊन सांगितलं होतं. ही रोज म्हणायची, "अक्काला बोलवा की." मी म्हणायचो, बरी हो, आपणच जाऊ गेवराईला. तुम्हाला बोलावलं असतं तर ते खरं आहे असं मला मानावं लागलं असतं. ही गेली त्या दिवशी तुम्ही दारात विचारलंत, "मला कावून सांगितलं न्हाई?" तेव्हाही मी खोटंच बोललो.

हे वाचून यावंसं वाटलं नाही, तर चूक माझी आहे असं मी बायकांना सांगेन. आणि आलात तर मला जे बोलायचं ते गाडीतून उतरल्या उतरल्या बोला, चारचौघांत बोललात तरी चालेल. मग बायकांकडे चला. त्यांनी तुमचं काही बिघडवलेलं नाही.

परळीची सकाळची गाडी फाट्यावर थांबते. शुक्रवारपासून मी रोज तिथे उभा राहीन.

तुमच्या मंजुळाचा
त्रिंबक