पहिल्या धारेचा पंचनामा

गुरुजी, माझे नाव शाळेच्या दाखल्यात तुम्हीच लिहिले, म्हणून ते येथे पुन्हा लिहीत नाही. वय, तुम्ही अंदाजाने टाकलेल्या जन्मतारखेप्रमाणे, ब्याण्णव वर्षे पूर्ण. शिक्षण इयत्ता चौथी पास. धंदा, जंगल खात्यातील निवृत्त नाकेदार, ज्याला आता वनरक्षक म्हणतात. राहणार तालुका गोंडपिपरी. कोणी विचारल्यावरून नव्हे, स्वतः होऊन लिहून देतो.

मागील महिन्यात माझा नातू आपल्या वाढदिवशी मित्रांसह नाशिककडे द्राक्षांच्या मळ्यात गेला होता. तेथे दारू कशी गाळतात ते दाखवतात आणि चाखायलाही देतात. त्याने फोटो दाखवले व विचारले की आजोबा, तुम्ही कधी असे गेला होता काय? मी नाही म्हटले. ते खोटे होते. त्या दिवसापासून माझ्या तोंडाची चव गेली आहे.

गोष्ट पन्नास सालानंतरची, चांदा जिल्ह्यातील. मला नोकरीत दोन वर्षे झाली होती आणि ती नोकरी तुमच्या चिठ्ठीने लागली होती, हे मी विसरलेलो नाही. माघ महिना होता. ठेकेदाराचा मुनीम आणि दवाखान्याचा कंपाउंडर हे तुमचे दोन मित्र छकडा जुंपून माझ्या नाक्यावर आले. मध्ये तुम्ही बसलेले, धुतलेले धोतर, काळी टोपी. मुनीम म्हणाला, "आज गुरुजीचा जन्मदिवस. चाला नाकेदार, मोहाच्या गावाले. पहिल्या धारेची पाजा आमाले." मला वाटले तुम्ही त्याला दटावाल. तुम्ही हसला.

मी दुसरीत असतानाचा दिवस तुम्हाला आठवत नसेल. माझा बाप पीत असे. तुम्ही माझा सदरा दोन बोटांनी धरून सर्व वर्गासमोर म्हणाला होता, "याले मोहाचा वास येते. उद्या धुऊन ये, नाईतर येऊ नोको." मी त्याच सायंकाळी बोडीवर, गावच्या तळ्यावर, जाऊन राखेने सदरा धुतला आणि ओलाच घालून दुसऱ्या दिवशी शाळेत आलो. त्यानंतर आजतागायत मी थेंबाला शिवलेलो नाही. ज्या माणसाच्या एका वाक्यावर मी माझा जन्म बेतला, तो माणूस छकड्यात बसून पहिल्या धारेची वाट पाहत आहे, हे पाहून मला किळस आली. तुम्हाला भेट म्हणून पंधरवड्यापूर्वी केलेला, तुमच्या टेबलासाठी घोटून ठेवलेला, रेघा मारायचा शिसवाचा रूळ मी नाक्यावरच राहू दिला.

दुपारी आपण त्या गावातील एका गोंड म्हाताऱ्याच्या घरी पोहोचलो. अंगण शेणाने सारवलेले, भिंतीला टेकवून एक उभट दगड ठेवलेला. म्हातारा मला ओळखत होता, म्हणजे माझ्या खाकीला. त्याने बाज टाकली, सुनेने पानाच्या दोन्यांत दारू आणली. मुनीम एक घोट घेऊन थुंकला व म्हणाला, हे पाणी आहे. त्याची नजर घराच्या मधल्या खांबाकडे गेली. तेथे वाळल्या भोपळ्याचा एक तुंबा टांगलेला होता, तोंडाला पानांचा बोळा.

म्हातारा उभा राहिला आणि गोंडीत बोलू लागला. आपल्यापैकी ती भाषा मला एकट्याला येत होती. तो म्हणाला, माझी बायको पावसाळ्यात गेली. परवा सोयरे येतील, तो दगड तिच्या नावाने गाडू, मग ती आमच्या पितरांत बसेल. त्या दिवशी या तुंब्यातली पहिली धार दगडावर तिची. तिच्याआधी जिवंत माणसाने ती चाखायची नसते. हिची मोहफुले तिने मागच्या उन्हाळ्यात स्वतःच्या हाताने वेचली होती, तिच्या हातची आणखी फुले घरात नाहीत. परवा या, उरलेली सगळी तुम्हीच प्या.

मुनीम मला म्हणाला, "काऊन नाकेदार साहेब, या जंगलात तुमचं कोणी आयकते का नाई?" कंपाउंडर हसला. तुम्ही मात्र हसला नाही. तुम्ही विचारले, "का म्हणते रे मातारा? त्याची हरकत असंल तं नोको." त्यावर उत्तर देण्यात आले आणि मुनीमाने तुंबा उतरवला.

 तुम्ही तिघांनी तो तुंबा संपवला. तुम्ही आम्हाला शिकवलेली प्रार्थना उलटसुलट म्हटली, मांडीवर ताल धरून. टोपी दारूच्या दोन्यात पडली ती तशीच डोक्यावर घातली. मग त्या सारवलेल्या अंगणात, दगडापासून हातभर अंतरावर, तुम्ही ओकलात.  सुनेने शेण आणले आणि आपण तेथेच असताना तेवढी जागा सारवली. म्हाताऱ्याने रिकाम्या तुंब्यात पाणी घातले, बराच वेळ हलवले आणि ते पाणी दगडावर ओतले. ओतताना तो पाठमोरा होता. परतताना तुम्ही माझ्या खांद्यावर झोपलात. माझ्या सदऱ्याला मोहाचा वास लागला. तो सदरा मी जाळला.

त्यानंतर मी तुम्हाला नमस्कार केला नाही. तुम्ही एकदा नाक्यावर येऊन विचारले, "माझं काही चुकलं का रे?" मी नोंदवहीत पाहत म्हटले की काम आहे. तुम्ही परत गेलात. तुमच्या प्रेताला मी खांदा दिला नाही. लोकांना मी सांगत आलो की गुरुजी पिऊन ओकले म्हणून माझ्या मनातून उतरले. लोकांनी मला कडक माणूस म्हटले आणि मी ते ऐकून घेतले.

आता त्या उत्तराविषयी. पंचनाम्यात "देण्यात आले" असे लिहिले की देणारा दिसत नाही, हे मी नोकरीत शिकलो. उत्तर मी दिले. म्हाताऱ्याला गोंडीत म्हटले, दे, नाहीतर भट्टीचा गुन्हा लिहीन. तुम्हाला मराठीत म्हटले, "घ्या म्हणते, गुरुजी. तुमचा मान आहे म्हणते." माझा शब्द चालतो हे मला तुमच्यासमोर दाखवायचे होते. तुम्ही ते ऐकून म्हाताऱ्याला हात जोडले होते, तेही मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

हा कागद शाळेच्या दाखल्याच्या घडीत ठेवत आहे, तो कोठे जाणार नाही. समक्ष हजर: गुरुजी, तुम्ही स्वतः, मुनीम, कंपाउंडर, म्हातारा, त्याची सून. पैकी कोणीही हयात नाही. भिंतीला टेकलेला दगड पुढे गाडला गेला व आजही जागेवर आहे. निवृत्तीनंतर त्या वाटेने मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा दुरून वळलो.