कान कापलेलं गाढव

तीर्थस्वरूप दादास, वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्धाच वाकलोय, बाकीचा मनातून). तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक. तुझी टिल्ली सुट्टीत मजेत आहे, पोटभर जेवते, फक्त एवढ्या उकाड्यातही लोकरीची कानटोपी काढत नाही. वर्गात तिला कानांवरून चिडवतात हे तू फोनवर सांगितलंस, तेव्हापासून मला चैन नव्हतं. म्हणून तर यंदा मुलांना सुट्टीत वाचायला चित्रांचं पुस्तक करायचं ठरल्यावर मी मुद्दाम गाढव घेतलं. आपल्या लांबलचक कानांची लाज वाटणारं हे गाढव शेवटच्या पानावर म्हणतं, 'माझे कान मला आवडतात.' टिल्लीने ते वाचलं की टोपी उतरलीच, असा माझा अंदाज.

आता माझा हात तुला ठाऊक आहे, एकदा सुटला की आवरत नाही. (लहानपणी काढलेला हत्ती आठवतो? अर्धा भिंतीवर गेला होता.) संपादकबाई बजावत होत्या, कडेला जागा सोडा. मी म्हटलं, अभिमानाचे कान आहेत, आखडते कशाला घ्यायचे? नेले कागदाच्या टोकापर्यंत. बाइंडरने शिलाई झाल्यावर नेहमीसारख्या कडा कापून पुस्तकं सारखी केली, आणि झाडून सगळ्या प्रतींतले कान गेले. बोडकं गाढव खुशीत हसतंय आणि खाली तेच वाक्य. बाइंडरला बोल लावत नाही, त्याने फार सफाईने कापलेत.

संपादकबाई मोठ्या थंड डोक्याच्या. त्यांनी सुचवलं, चित्र राहू दे, वाक्यावर चिठ्ठी चिकटवून 'माझी शेपटी मला आवडते' करून टाकू. मला पटलंही (कंबर धरली की माणसाला काहीही पटतं). टिल्ली बाजूला बसून ते पान उलटसुलट करून बघत होती. म्हणाली, "शेपटीला कोण हसतं, काका? हसतात ते कानांनाच." दादा, मी चिठ्ठ्या गोळा करून टोपलीत टाकल्या.

मग करड्या पुठ्ठ्याचे कान करायला बसलो. मी कापायचे, तिने चिकटवायचे. टोपीचे गोंडे सारखे डिंकात लोळायला लागले, तशी तिने वैतागून टोपी भिरकावली आणि कामाच्या नादात विसरली. मी बघितलंच नाही असं दाखवलं. आता पुस्तक मिटलं तरी कान बाहेर राहतात, खोक्याचं झाकण लागत नाही, दुकानदार कुरकुरतोय, आणि मुलं पुस्तक कानाला धरूनच ओढतात. एकूण बरं चाललंय. वहिनीला नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : रविवारी ग्रंथालयात टिल्ली ते पुस्तक सगळ्या मुलांना वाचून दाखवणार आहे, बिनटोपीची. तू यायलाच हवंस. आणि येताना केस कापून ये. इतकी वर्षं कानांवर झुलपं ओढून फिरतोस, काल पोर विचारत होती, "बाबांचे कान कसे आहेत? मी कधी बघितलेच नाहीत."

पुन्हा ता. क. : रविवारी पुस्तकाचा कर्ता म्हणून माझाही फोटो काढणार आहेत असं आत्ताच कळलं. टिल्लीची कानटोपी इतक्यात परत मागू नकोस, मला ती व्यवस्थित बसते.