भिंतीचा आधार

पुणे

तीर्थरूप बाबांच्या चरणी सत्यभामेचा नमस्कार.

अकोटला उभ्याने धोतर नेसताना आपण पडलात आणि ते लपवलेत, हे आईकडून कळले. मी पाठवलेला एका पायावर उभे राहण्याचा व्यायाम आपण करता, हे योग्यच, पण आईने भिंत धरायला सांगितली, की "मले कायले लागते आधार?" म्हणता. ऐंशीव्या वर्षी खुबा मोडला तर पुढचे मला लिहवत नाही.

हा हट्ट अक्षम्य आहे. परवा मीही भिंत न धरता तोच व्यायाम केला आणि पडले. फक्त मनगट मोडले आहे, काळजी नसावी. अक्षर सूनबाई पौर्णिमेचे आहे, शुद्धलेखन मी तपासले आहे.

आईचा गुडघा कसा आहे?

उद्यापासून आपण भिंत धरावी. मीही धरीन.

आपल्याच वळणाची,
सत्यभामा