चेनव्हीलमधलं फूल

मंगळवार, संध्याकाळ

टिक्-टिक्-टिक्. बाबांच्या सायकलवर मागे बसून मी शाळेच्या कविता म्हणायचो आणि साखळी असा ताल धरायची. आज सकाळी सूनबाई त्याच सायकलवर हिंगणीच्या अंगणवाडीत निघाली, तेव्हा मात्र कट् असा आवाज आला. साखळी चेनव्हीलच्या, म्हणजे पायडलपाशी असलेल्या दातेरी चाकाच्या, दातावरून घसरली होती. मी ऐकलं आणि गप्प बसलो. का गप्प बसलो?

हिंगणीच्या सायकलवाल्या सुधाकरनं गेल्याच आठवड्यात बजावलं होतं, "काका, झिजल्या दातांवर नवी चेन टिकत नाई. चेनव्हील बदला." मी हट्ट धरला, मधोमध जुन्यासारखंच पत्र्यात फूल कापलेलं असेल तरच घेईन. बाबांची आठवण ती. तो हसला, "तुमाले फूल पायजे का दात?" मी नुसती चेन बदलून घेतली.

तिन्हीसांज झाली. पाचला येणारी सूनबाई अजून आलेली नाही. रस्ता जंगलाच्या कडेनं, परवाच तिथे वाघ दिसलाय. चढावर साखळी तुटली असेल तर? फोन लागत नाही. जीव थाऱ्यावर यावा म्हणून कविता म्हणू पाहतो, तर दुसरी ओळच आठवत नाही. एका फुलापायी मी हे काय करून बसलो?

दार वाजलं. सुधाकर! हातात आमचं फुलाचं चेनव्हील, तेलानं काळं झालेलं. "पोर कुठाय?" मी ओरडलो.

"बसा काका, बसा. वहिनी माह्या मांगून येऊन राह्यल्या, नव्या चेनव्हीलवर; दुकानात तेच बसवता बसवता उशीर झाला. हे घ्या तुमचं फूल, भिताडाले लटकवा."