नौपाड्याला हरायला गेलो ते

डोंबिवली, सोमवार

गुणाजीदादांना रघुनाथचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता मांडी घालू देतो का, ते कळवा. इकडे चित्रा, शिवानी आणि मी देवाच्या दयेने ठीक आहोत. निदान काल सकाळपर्यंत होतो.

काल शिवानीच्या होणाऱ्या सासऱ्यांकडे, नौपाड्याला, लग्नाची तारीख ठरवायला गेलो. हे बाबुराव नोकरीनिमित्त बरीच वर्षं बाकूला होते (तेलाचं शहर आहे, रशियाच्या खाली कुठेतरी) आणि तिथून एक लाकडी पट घेऊन आलेत. पाहुण्याला आधी पटावर हरवायचं, मग कामाचं बोलायचं, ही त्या घराची रीत. शिवानीने हे सांगून ठेवल्यामुळे मी शेजारच्या लिओकडे शिकवणी लावली. तो बहारीनला होता. आपल्या देवळाच्या पारावर सोंगट्या खेळतात, त्यातलाच हा प्रकार; फासे टाकत ज्याच्या सगळ्या सोंगट्या आधी पटापार जातील तो जिंकला. पण लिओ म्हणतो, कूळ एकच असलं तरी प्रत्येक गावच्या भाऊबंदांचे कायदे वेगळे. मोबाइलवर पोरं खेळतात त्यात एकटी सोंगटी दिसली की मारून बाहेर बसवतात. तिने पुन्हा पहिल्यापासून यायचं. बहारीनला मारत नाहीत, तिच्या उरावर बसतात. वरची उठेपर्यंत खालचीने हलायचं नाही. (आमच्या सोसायटीचं पार्किंग असंच चालतं.) लिओचा मंत्र एकच, "एकटी सोडलीस की मेलास रे, रघु."

मला तर मरायचंच होतं. मुलीच्या बापाने व्याह्यांना जिंकू द्यायचं, हे कोणी शिकवावं लागत नाही.

बाबुरावांच्या पटावर लिओच्यासारखाच सगळ्या सोंगट्यांचा एका घरात ढीग. तोच खेळ, असं मी धरून चाललो. फरक एवढाच, की लिओकडे दोघे समोरासमोरून येतात आणि इथे दोघेही एकाच दिशेने फिरत होते. (मला वाटलं, एकमार्गी असेल. नौपाड्यात काय नाही.) विचारावं असं मनात आलं, पण तारीख ठरायच्या आधी मुलीच्या बापाने शंका काढणं बरं दिसत नाही. मी ढिगातून एकेक सोंगटी काढून, लेकी नांदायला पाठवाव्यात तशी वेगवेगळ्या घरात एकटी ठेवली. या, बसा उरावर. बाबुराव काही बसेनात. मला वाटलं, सभ्य माणूस आहे. म्हणून आणखी एकट्या सोडल्या.

पुढे पुढे बाबुराव फासे टाकत आणि त्यांचा हात पटावर नुसताच तरंगत राही. "काय हो रघुनाथराव, पाय टेकायला तरी जागा ठेवा आम्हाला." मी नम्रपणे हसलो. चित्राने टेबलाखालून पाय मारला. मी मनातल्या मनात गणपतीकडे लहान दान मागितलं, तर दोन्ही फाशांवर सहा. (हा संकोचाने कमी मागतोय, असं त्याला वाटलं असावं.) विमलाबाई, म्हणजे आमच्या विहीणबाई, सांजा पुन्हा पुन्हा गरम करून कंटाळल्या.

मी जिंकलो. तेव्हा कळलं, की बाकूचे भाऊबंद कोणाला मारत नाहीत आणि कोणाच्या उरावरही बसत नाहीत. एकटी सोंगटी जिथे बसली ते घर तिचं; दुसऱ्याने तिथे पाऊल टाकायचं नाही. असल्या सोवळ्याला तिकडे खेळ म्हणतात आणि शिकलेली माणसं तो विमानाने इकडे आणतात. बाबुराव "बघू पुढच्या रविवारी" एवढंच म्हणाले. तारखेचं नाव नाही. रिक्षात शीळफाटा येईपर्यंत शिवानी मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वहिनींना नमस्कार.

आपला
रघुनाथ

ता. क. येत्या रविवारी मुलीचे मामा म्हणून माझ्याऐवजी तुम्ही पटावर बसावं, ही विनंती. कुठल्याही गावच्या नियमाने हरेल असा आपल्या नात्यात दुसरा माणूस नाही. काही शिकून येऊ नका, नेहमीसारखं खेळा.

ता. क. दुसरं. आत्ताच बाबुरावांचा फोन आला. रागावलेले नाहीत. समोर कोणीतरी खेळणारं भेटलं म्हणून खूश आहेत, आणि तारीखही नक्की केली. तरी तुम्ही याच. आधी त्यांना तुमच्याशी खेळू द्यावं म्हणतो, म्हणजे जिंकल्याचं समाधान होईल. मला आता हरणं जमेल असं वाटत नाही.