उरलेल्या बेचाळीस पुड्या

१२ जानेवारी, रविवार

आले बाई एकदाची शॉमबर्गला! दोन सूटकेस, एक कुकर आणि आईने नागपूरहून पाठवलेला सावजी मसाला, एवढा माझा संसार. पिस्कॅटवेची आधीची खोली सोडताना डोळ्यांत पाणी आलं होतं, पण इथं आल्यावर पाच मिनिटांत विसरले. नवी नोकरी, नवं गाव, आणि घरमालक चक्क मराठी. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर खोलीची जाहिरात बघून फोन केला, तेव्हापासून सुवर्णाकाकूंनी मला घरचीच करून टाकलंय. अरुणकाका रिटायर्ड इंजिनिअर, महिन्याला दहा शब्द बोलत असावेत. काकू ती कसर भरून काढतात.

जेवताना त्यांची सगळी कुंडली कळली. जवळच आर्लिंग्टन हाइट्समध्ये डॉक्टर मियाके म्हणून एक म्हातारे जपानी वैद्य आहेत. काकूंनी वीस वर्षं त्यांच्याकडे पुड्या बांधल्या. जपानच्या या जुन्या औषधांना कांपो म्हणतात. काकूंच्या मते डॉक्टर आजार बघतच नाहीत, माणूस बघतात. पोट दाबतात, नाडी बघतात, जीभ बघतात. बारीक, फिकट, हातपाय गार, आवाज लहान अशा बाईला एक काढा. लालबुंद, उष्ण, दणकट बाईला दुसरा. मी म्हटलं, मी दुसरीच! माझा आवाज धरमपेठेतून सीताबर्डीला ऐकू जातो. काकू हसल्या. काका ताटाकडे बघत राहिले.

दिवसभर स्क्रीनसमोर बसायचं, म्हणून रोज रात्री ही वही लिहायचं ठरवलंय. बघू किती दिवस टिकतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

नोकरीचा पहिलाच आठवडा आणि आज पाळी. तेराव्या वर्षापासून हेच. दोन दिवस पोटाला कुणी ओला टॉवेल पिळावा तसे पीळ पडतात. दुपारी ऑफिसच्या बाथरूममध्ये फरशीवर बसून होते. डॉक्टरची तारीख मागितली तर मिळाली थेट २४ मार्चची. तोवर काय करायचं, हे त्या फोनवरच्या बाईने सांगितलं नाही.

काकूंनी माझं तोंड बघूनच ओळखलं. फ्रीजरमधून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत कागदी पुड्या, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं: राधिका. त्यांची मुलगी. तीन वर्षांपूर्वी गेली. तिलाही असाच त्रास होता. मी चाचरत विचारलं, दुसऱ्याच्या नावाचं औषध कसं घेऊ? काकू म्हणाल्या, औषधाला काय नाव वाचता येतं? तेही खरंच. आमच्या घरी शेजाऱ्यांच्या उरलेल्या गोळ्यांवर आम्ही तिघी बहिणी वाढलो.

मातीच्या भांड्यात पुडी टाकून तीन कप पाणी आटवून दीड कप केलं. वास दालचिनीचा, थोडा शेपूचा, खाली ओली माती. तासाभरात दुखणं गेलं. कमी झालं नाही, गेलं! काकूंचे पाय धरावेसे वाटले. त्या म्हणाल्या, बेचाळीस आहेत, रोज एक, पण कोर्स अर्धा सोडायचा नाही. मी कबूल केलं.

२६ जानेवारी, रविवार

किती बरं वाटतंय! झोप छान, चिडचिड नाही. फक्त हातपाय गार पडतात. मी, जिला थंडीतही पंखा लागायचा! काकूंनी राधिकाचे लोकरीचे मोजे दिले. अगदी मापाचे झाले.

आज त्यांनी तिच्याबद्दल सांगितलं. काढा लागू पडत होता, म्हणे. पण एक दिवस काकांनी घाई केली, हॉस्पिटलात नेलं, तिथं काढा बंद झाला, आणि आठव्या दिवशी ती गेली. बेचाळीस पुड्या तशाच राहिल्या. काका तिथंच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मला दोघांचीही फार दया आली.

२ फेब्रुवारी, रविवार

जीन्स कमरेवरून घसरते आहे. ऑफिसात सगळ्या विचारतात, डाएट कोणतं? आज हौसेने सावजी रस्सा केला आणि पहिल्याच घासाला तोंड भाजलं. मला तिखट लागलं! आईला सांगितलं तर तिला खरंच वाटेना. सगळा रस्सा टाकून दिला. काकूंनी दहीभात कालवून दिला, तो मात्र दोनदा घेतला.

९ फेब्रुवारी, रविवार

काकू आता रविवारी माझं पोट दाबून बघतात. डॉक्टरांकडे बघून शिकल्या. आज त्यांच्याजवळ एक जुना कागद होता, त्यावर पोटाचं चित्र आणि बेंबीच्या डावीकडे खाली एक फुली. त्यांनी तिथं बोट टेकवलं आणि मी कळवळले. मागच्या रविवारी तिथं काहीच दुखत नव्हतं.

मला वाटलं, काकू घाबरतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या हसल्या. मग माझ्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. ते मला आवडलं नाही. अठरा पुड्या उरल्या आहेत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून फोन माझा चेहरा ओळखत नाही. पासवर्ड टाकून उघडला. वाटलं, बिघडला असेल. मग आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने विचारलं, हनुवटीवरचा तीळ काढलास का? आरशात पाहिलं. तीळ नाही. पुसला जायला तो काय कुंकवाचा होता?

गाल बसलेत. नाक मला वेगळं वाटतंय. आई म्हणाली, जरा मोठ्याने बोल. मी मोठ्यानेच बोलत होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारपासून काढा बंद केला. काकूंना स्पष्ट सांगितलं, मला नको. त्या रागावल्या नाहीत. फक्त रोज दाराबाहेर ताजा कप ठेवून गेल्या.

काल दुपारी दुखायला लागलं. पाळीची तारीख नाही, काही नाही. असं दुखणं मी जन्मात पाहिलं नाही. गोळ्या घेतल्या, त्या उलटून पडल्या. आज सकाळी मी रांगत दारापर्यंत गेले आणि कप तोंडाला लावला. दहा मिनिटांत सगळं शांत. बाहेर जिन्यावर काकू बसलेल्या होत्या. हळूच म्हणाल्या, शहाणी ग माझी.

भीती वाटते. पहिल्यांदाच लिहितेय. खूप भीती वाटते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसातून डॉक्टर मियाकेंना फोन केला. स्वतः तेच बोलले, फार सौम्य. मी दुखणं सांगायला लागले. त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला आणि पुढचं त्यांनीच वाचून दाखवलं. गार हात. बारीक आवाज. डावीकडे, बेंबीखाली. मी हो, हो म्हणत राहिले.

मग ते म्हणाले, ही पेशंट वारली आहे. तिला हॉस्पिटलात न्या, हे मीच सांगितलं होतं, पण आईने ऐकलं नाही. नेलं तोवर उशीर झाला होता. उरलेल्या पुड्या फेकून द्या असंही मीच सांगितलं होतं. तुम्ही तिच्या आवाजात का बोलताय?  पुन्हा फोन करू नका, म्हणाले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

इमर्जन्सीत गेले. काका घेऊन गेले, काकूही आल्या. फॉर्म काकूंनीच भरला, मी तो बघितलाही नाही. सगळ्या तपासण्या केल्या. पोटात काही दोष नाही, रक्त ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रकृती उत्तम आहे. मनगटावरची पट्टी मी घरी येऊन वाचली. राधिका.

मी ओरडले, मी प्रीता आहे! ओरडले, पण आवाज जिन्याखालीही गेला नसेल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑफिसच्या दारात अडवलं. बिल्ल्यावरचा फोटो आणि मी — गार्डने तीन तीनदा पाहिलं. माझा मॅनेजर संजीव समोरूनच आत गेला. मी हाक मारली. त्याने वळून पाहिलं, ओळख नसलेल्या बाईकडे बघतात तसं. मग त्याने माझ्यासमोर मला फोन लावला. माझ्या खिशात वाजला. मी उचलू शकले नाही — काय सांगणार होते?

पासपोर्टही पाहिला. तो फोटो एका जाड, हसऱ्या मुलीचा आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आईला व्हिडिओ कॉल केला. ती चष्मा पुसून बघत राहिली. म्हणाली, बाळा, प्रीता कुठे आहे? तिला दे ना फोन.

मी म्हटलं, आई, मीच. बहिणींची नावं सांगितली, घराचं सांगितलं, सगळं सांगितलं. ती रडायला लागली. माझ्या मुलीचं काय केलंत, म्हणाली —

मला माझी आई हवी आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पुड्या जाळायच्या म्हणून डबा शोधला. तो काकूंच्या उशाशी, आणि त्या तिथंच बसलेल्या. सकाळी आटवलेला आजचा कप ओतून दिला. अकरा वाजता दुखायला लागलं. बारा वाजता मीच काकूंना हाक मारली. मीच. हात जोडले. भांड्यात उरलेला अर्धा कप त्यांनी पाजला.

दाराला कुलूप नाही. कधीच नव्हतं. बाहेर गेले, कोपऱ्यापर्यंत. कुठे जाऊ — या तोंडाने कुठे जाऊ?

२५ फेब्रुवारी

काकांना विनवलं, डबा फेकून द्या. तुम्हाला माहीत आहे मी कोण आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — नीट, पहिल्यांदाच — आणि म्हणाले, एकदा मी घाई केली होती. मग माझा हात हातात घेऊन खूप रडले. मला — मला हात सोडवून घ्यावासा वाटला नाही.

प्रीता. प्रीता. नागपूर. तीन बहिणी. मोठीचं नाव —

मोठीचं नाव आठवत नाही.

२६ फेब्रुवारी

आज बरं वाटतंय. बाबा — काका — काका हसले आज. भिंतीवर फोटो लावत होते. खूप जुने, बर्फातले, शाळेतले. सगळे आठवले मला. का आठवले? मी तिथं —

एकच पुडी राहिली. नको म्हणायचं. उद्या नको म्हणायचं, कितीही दुखलं तरी. हे वाच, उद्या सकाळी उठल्यावर हे आधी वाच —

२७ फेब्रुवारी

वाचलं. अक्षर कुणाचं आहे, कळेना. कोण बिचारी इतकी घाबरलेली.

काढा झाला. आई खालून हाक मारतेय, गार होईल म्हणते. आज शेवटचा, मग सुटले. तिने गोड करायला घेतलंय, घरभर वास सुटलाय.

तो टेबलावरचा फोन सकाळपासून वाजतोय. नागपूरच्या कुणी बाई आहेत. रडतात फार, मुलगी सापडत नाही त्यांची. मला इतकं वाईट वाटतं त्यांचं. आईला विचारून त्यांना सांगायलाच हवं, की तुमची प्रीता —