क्रमांक सात : खापरावरचे मांडे

१ फेब्रुवारी, रवि.
असीरगड. पायथ्यापासून वरच्या दरवाज्यापर्यंत न थांबता. वय बासष्ट. वाटेत कॉलेजची पोरं धापा टाकत बसली होती, त्यांच्या पुढून गेलो. एक म्हणाला, "अंकल, आराम से." म्हटलं, "बेटा, अंकल जिंदगीभर पीटी मास्टर था." 

क्र. ४ वर टिक. रिटायर झालो त्या संध्याकाळी दहा कामं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. सहा झाली. बिनसाखरेचा चहा, तापी पोहून पलीकडे, पेटीवर एक भजन (शेजारी काही का म्हणेनात). चार बाकी, त्यातली तीन किरकोळ.

क्र. ७ : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चारूला माहेरी आणणे. मांडे माझ्या हातचे.

बायको, सुलू, गेल्यापासून दोन आखाज्या झाल्या, लेक आली नाही. नाशिक काय लांब आहे? एका गाडीचं अंतर. गेल्या वर्षी म्हटलं, ये, मांडे बाहेरून मागवतो. म्हणाली, "विकतचे नाशिकलाही मिळतात, बाबा." ह्या वर्षी आखाजी १९ एप्रिलला. अकरा आठवडे आहेत. ज्यांना डावं-उजवं कळत नव्हतं अशा पोरांची खो-खोची टीम मी ह्याहून कमी वेळात उभी केली आहे.

५ फेब्रु., गुरु.
चारूला फोन. मांडे शिकतोय म्हणून सांगितलं. हसली. किती दिवसांनी हसली पोरगी.
"तुम्ही? बाबा, तुमची पोळी म्हणजे नकाशा असतो."
म्हटलं, पोळी माझ्या यादीत नाही. येतेस ना?
"बघू."
सुलूचं 'बघू' म्हणजे नाही असायचं. चारूचं काय, माहीत नाही. मी हो धरलं आहे.

१० फेब्रु., मंगळ.
शाहपूर. गोदाताईंकडे. सत्तरीच्या आहेत, लग्नांतून मांडे करून देतात, सुलूही त्यांच्याच हाताखाली शिकली. मला पाहून पदर तोंडाला लावून हसल्या.
"मास्तर, शिट्टी वाजवून मांडा फिरत नाई, बरं का."
म्हटलं, शिट्टी घरी ठेवून आलोय.

त्यांनी कणकेचा उंडा घेतला, पुरण भरलं, लाटला, आणि दोन्ही हातांवर घेऊन फिरवायला लागल्या. बघता बघता मांडा कोपरापर्यंत. मग अलगद पालथ्या खापरावर टाकला. आतलं पुरण दिसत होतं इतका पातळ. मी केला तो मनगटावरच फाटला, पुरण शर्टावर. पण मनगट माझं मजबूत आहे. होईल.

पुढच्या मंगळवारी बोलावलंय. "नखं काढून या. अन् सुलभाचं खापर घेऊन या. तिच्या खापरावर लवकर शिकसान."

१२ फेब्रु., गुरु.
खापर माळ्यावर होतं, सुलूच्या जुन्या हिरव्या साडीत गुंडाळलेलं. सोडलं तर काळंकुट्ट. वर्षानुवर्षांचं तेल, धूर, काजळी. बापरे. अशावर अन्न करायचं?

भांड्यांची पावडर, नारळाची शेंडी, गरम पाणी. तीनदा घासलं. दंड भरून आले. पण निघालं! खाली लालबुंद माती, कुंभाराकडून आत्ताच आणल्यासारखी. उन्हात ठेवून फोटो काढला, चारूला पाठवला. खाली लिहिलं : तय्यारी जोरात.

सं. ७. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. कामात असेल.

१७ फेब्रु., मंगळ.
गोदाताईंनी खापर पाहिलं आणि हातातलं पीठ तसंच ठेवून खाली बसल्या.
"हे कोनं धुतलं?"
मी. (छाती काढून सांगितलं, मूर्खासारखं.)
"मास्तर, खापर धुतात का कधी? तेलाच्या फडक्यानं पुसतात. अवो, ते काळं म्हनजे मळ नव्हता. त्यानं तर मांडा सुटून येतो. तिची सगळी आखाजी होती त्याच्यात."

तरी एक टाकून पाहिला. चिकटला, फाटला, आणि वास साबणाचा. मातीनं पावडर पिऊन घेतली होती. त्या म्हणाल्या, पंधरा दिवस सावलीत वाळू द्या, मग तेल लावून अगदी मंद जाळावर, रोज थोडं थोडं. घाई करू नका.

२० फेब्रु., शुक्र.
घाई केली.

पंधरा दिवस कोण थांबतं? वरून कोरडं दिसत होतं. परसात चूल पेटवली, कापसाच्या पऱ्हाट्या भरपूर घातल्या, म्हटलं चांगलं तापू दे. टण्ण. काठापासून मधोमध चीर, मग दोन तुकडे.

बराच वेळ तिथेच उकिडवा बसलो. गुडघे दुखायला लागले तेव्हा उठलो.

तुकडे परत हिरव्या साडीत बांधून माळ्यावर ठेवले.

२ मार्च, सोम.
कुंभाराकडून नवं खापर आणलं. ठोकून, वाजवून, चार बाजूला सारून पाचवं घेतलं. रोज सकाळी तेलाचा हात, मंद जाळ, अर्धा तास. मी समोर स्टुलावर बसून. वेळ लावून बसतो, नाहीतर हात पऱ्हाट्यांकडे जातो.

चारूला अजून सांगितलं नाही. यादीत नवीन ओळ, क्र. ७अ : चारूला खरं सांगणे. असीरगड सोपा होता.

८ मार्च, रवि.
सांगितलं. स. ९ वाजता, उभ्यानं.

ती म्हणाली, "फोटो पाहिला तेव्हाच कळलं होतं. तुटलं हे आज कळलं."
मी म्हटलं, चुकलं माझं.
"बाबा, तुम्ही सगळंच धुऊन काढता. चौदाव्याला आईच्या साड्या वाटल्या. तिचं कपाट फिनेलनं पुसलं. मी दारात उभी होते, आणि तुम्ही म्हणालात, बघ, घर कसं चकाचक केलं! एक पदर राहिला नाही तिचा. मी त्या घरात येऊन बसू कुठे?"

फोन ठेवला तिनं.

तर दोन वर्षं ती मांड्यांसाठी थांबली नव्हती. आणि मी मांड्यांची प्रॅक्टिस करत होतो.

९ मार्च, सोम.
उद्याच्या क्लासला जावंसं वाटत नव्हतं. गोदाताईंचा निरोप, उद्या या, गहू धुवायचे आहेत. गहू धुतलेले चालतात वाटतं.

१९ मार्च, गुरु. पाडवा.
पहिला अखंड मांडा! फाटला नाही, चिकटला नाही. कोपरापर्यंत नाही, कोपराच्या चार बोटं अलीकडे, पण आला. गोदाताईंनी उचलून उजेडासमोर धरला. "सुलभाचा पहिला याहून जाड होता," म्हणाल्या. खोटं बोलल्या असतील. चालेल, मी घेतलं.

चारूला फोटो पाठवला नाही. फोटोंचा मला धसका बसलाय.

२९ मार्च, रवि.
आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांना आठवड्यात तिसऱ्यांदा मांडे. आता मला गल्लीत पाहिलं की दार लोटून घेतात. आज अकरा केले, नऊ अखंड. डाव्या पंज्यावर भाजल्याचा फोड. एकदम फर्स्टक्लास.

नवं खापर मधोमध काळं पडायला लागलंय. काम झाल्यावर सवयीनं शेंडी हातात घेतली होती. ठेवून दिली.

१२ एप्रिल, रवि.
आज चारूला फोन केला. येतेस का, हे विचारायचं नाही असं ठरवून. फक्त सांगायचं. कागदावर मुद्दे लिहून घेतले होते, तरी अडखळलो.

म्हटलं, पोरी, तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. चौदाव्याला सगळे गेले. तू आत झोपली होतीस. मला काही सुचेना. हात चालू ठेवले नसते तर बसलो असतो, आणि बसलो असतो तर उठलो नसतो. म्हणून पुसत सुटलो. तिला पुसायचं नव्हतं गं. एवढंच.

मागे नातीचा आवाज येत होता, आई, कोण आहे? आई, कोण आहे?
"आजोबा," म्हणाली. मग, "बाबा, ठेवते मी आता."
आवाज बसलेला होता. रागावलेला नव्हता. तीस वर्षं पोरांचे चेहरे वाचलेत, आवाजही थोडाफार वाचता येतो.

७अ वर टिक.

१८ एप्रिल, शनि.
उद्या आखाजी. गहू दळून, वस्त्रगाळ पीठ तयार. पऱ्हाट्या मोजून ठेवल्या, जास्त हाताशी नकोतच. गोदाताई म्हणाल्या, मी येऊ का मदतीला? म्हटलं, नको, मैदानात एकटा उतरतो.

दुपारी चारूचा फोन. आपणहून.
"त्या खापराचे तुकडे फेकले असतील ना?"
म्हटलं, नाही. माळ्यावर आहेत, साडीत बांधलेले.
"कोणत्या साडीत?"
हिरवी. बारीक काठाची. माळ्यावर होती म्हणून त्या दिवशी वाटणीतून सुटली.
तिनं लगेच विचारलं,
"बाबा, ती धुतली का तुम्ही?"
नाही.
"नक्की?"
म्हटलं, नक्की. धुराचा वास येतो तिला, तेलाचाही.
"धुऊ नका," म्हणाली. "तशीच राहू द्या." आणि ठेवला फोन. येते म्हणाली नाही, येत नाही म्हणाली नाही.

साडी तुकड्यांसकट माळ्यावरून काढून खाली आणली. कपाटात, मधल्या खणात ठेवली. यादीच्या बरोबर मागे.

क्र. ७ कोराच आहे. नाशिकची गाडी सकाळी स्टेशनात येते, चूल त्याच्या आधी पेटवावी लागेल. डाळ चौघांची भिजवली आहे, जावई आणि नात धरून.